दान पावलं

मागण्यासाठी मराठीत धड एक चांगला शब्द नाही. हात पसरणं, पदर पसरणं, तोंड वेंगाडणं, दारोदार हिंडणं, या सगळ्यांत मागणाऱ्याची मान खाली घातलेली. ज्याला भीक मागायला जमत नाही त्यानं तंबाखू खायला शिकावं, अशीही एक म्हण आहे. तंबाखूची तल्लफ आली की भला माणूससुद्धा लाज सोडून अनोळखी माणसापुढे तळहात करतो, हा तिचा अर्थ. देण्यासाठी मात्र भाषेनं हात सैल सोडलाय. दान, दक्षिणा, देणगी, वर्गणी, ओवाळणी, आहेर, बक्षीस, मानधन. देणारा कुठल्या नात्यानं देतो त्याप्रमाणे शब्द बदलतो. मागणारा कुठल्याही नात्यानं मागू दे, तो मागणाराच.

मग मागणं ही गोष्टच मुळात हलकी आहे, की काही मागणं हलकं आणि काही मागणं सरळ मानेचं असतं? आणि असलं तर ते ओळखायचं कसं? या प्रश्नाचा विचार करताना मला एका अमेरिकन गायिकेची वाटचाल फार उपयोगी पडली. ती स्वतः गाणी लिहिते, चाली लावते, गाते, आणि गेली अनेक वर्षं कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दावणीला न बांधता गाते. नाव अमांडा पामर. मुळात ती पियानोवाली, पण तिच्या गळ्यात एक छोटं चार तारांचं वाद्य नेहमी दिसतं, युकुलेले.

या वाद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं उसाच्या मळ्यांत राबायला हवाई बेटांवर गेली. त्यांच्याबरोबर त्यांची चिमुकली गिटार गेली. त्यांच्यातल्या लाकूडकाम जाणणाऱ्या तिघांनी होनोलुलूत तशी वाद्यं बनवायला सुरुवात केली, हवाईच्या कलाकौआ राजाला ती आवडली, आणि मजुरांचं वाद्य दरबारात गेलं. पोर्तुगीज जिथे गेले तिथे तारा घेऊन गेले. आपल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून त्यांनी व्हायोलिन रुजवलं, तिकडे हवाईत हे. युकुलेलेची खरी गंमत म्हणजे ते गरिबाला परवडतं, काखेत मावतं, आणि चार सूर जमले की गाण्याला पुरतं. आपल्या गोंधळ्याच्या तुणतुण्याचं ते लांबचं भावंड म्हणायला हरकत नाही. असं वाद्य घेऊन गाणाऱ्याला मांडव लागत नाही, पियानो वाहून आणणारे चार गडी लागत नाहीत. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की झालं. पण रस्त्याच्या कडेला उभं राहून गायलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पैसे कोण देणार, आणि ते मागायचे कसे?

अमांडाची सुरुवात खरोखरच रस्त्याच्या कडेला झाली. बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड चौकात ती पांढरी शुभ्र नवरी बनून, चेहरा पांढरा रंगवून, खोक्यावर पुतळ्यासारखी निश्चल उभी राहायची. उंची दिसायची आठ फूट. पुढ्यातल्या टोपीत कुणी नाणं टाकलं की पुतळा हलायचा, त्या माणसाच्या डोळ्यांत बघायचा आणि त्याला एक फूल द्यायचा. काही वर्षं हा तिचा चरितार्थ होता. मोटारीतून जाणारे लोक ओरडून सांगायचे, काहीतरी नोकरी बघ! तिच्या मते ती नोकरीच करत होती. नंतर तिनं एका ड्रमवाल्या साथीदाराबरोबर 'ड्रेसडेन डॉल्स' नावाची जोडी काढली आणि एका रेकॉर्ड कंपनीशी करार केला. २००६ साली त्यांचा दुसरा अल्बम आला, पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या पंचवीस हजारांच्या आसपास प्रती खपल्या. कंपनी म्हणाली, पडला. कंपनीच्या हिशेबात पंचवीस हजार माणसं म्हणजे कोणीच नाही.

त्याच सुमाराला एका कार्यक्रमानंतर एक तरुण तिच्याकडे आला आणि दहा डॉलरची नोट पुढे करून म्हणाला, मी तुमची सीडी मित्राकडून उतरवून घेतली, पैसे दिले नाहीत, माफ करा, हे घ्या. असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं. तेव्हा तिला वाटलं, की लोकांना पैसे द्यायला भाग कसं पाडायचं हा प्रश्नच चुकीचा आहे, लोकांना देऊ कसं द्यायचं हा खरा प्रश्न आहे. २०१० पर्यंत ती कंपनीतून बाहेर पडली. त्याच वर्षी तिनं रेडिओहेड या प्रसिद्ध इंग्रज बँडची गाणी आपल्या युकुलेलेवर गाऊन स्वतःच विक्रीला ठेवली. किंमत? कमीत कमी ८४ सेंट, पुढे तुमची मर्जी. हे ८४ सेंट कुठून आले? मूळ गाणी लिहिणाऱ्यांचा हक्काचा वाटा आणि पैशांच्या देवघेवीचा खर्च, एवढंच. हा आकडा लक्षात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

मग आलं २०१२. नव्या अल्बमसाठी तिनं 'किकस्टार्टर'वर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. महिन्याभरात जवळजवळ बारा लाख डॉलर जमले. देणारे किती होते? पंचवीस हजारांच्या घरात. कंपनीनं जिला 'कोणीच नाही' म्हणून मोजलं होतं तेवढीच माणसं! फक्त मधली भिंत गेली होती. पुढे २०१३ साली तिनं एका भाषणात मागण्याची ही गोष्ट जगाला सांगितली, २०१४ मध्ये 'द आर्ट ऑफ आस्किंग' नावाचं पुस्तक लिहिलं, आणि २०१५ पासून हजारो माणसं तिला 'पॅट्रिऑन'वर नियमानं थोडे थोडे पैसे देऊ लागली. तिच्या खाजगी आयुष्याबद्दल बरंच काही छापून येतं. त्याचा निवाडा करणं हे माझं काम नाही. मला तिच्याकडून एवढाच एक धागा हवा आहे, मागण्याचा.

आता आपल्याकडे या. संस्थेसाठी मागणं आपण केव्हाच पवित्र मानलंय. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या समाजात पूजनीय. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढल्यावर त्यांनी गावोगाव मुठीमुठीनं धान्य मागितलं, आणि बोर्डिंगमधल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं. त्यांच्या मागण्याला कुणी भीक म्हणत नाही. पण तेच पाच रुपये एखाद्या गाणाऱ्यानं स्वतःच्या पोटासाठी मागितले की आपला चेहरा बदलतो. दुसऱ्यासाठी मागितलं तर पुण्य, स्वतःसाठी मागितलं तर लाज, ही आपली साधी वाटणी. मला ती पुरेशी वाटत नाही. दुसऱ्याच्या नावानं मागून स्वतःच्या घरात भरणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर देवाचा फोटो असला म्हणजे मागणं शुद्ध होतंच असं नाही. तसं पोटासाठी मागणं हे अशुद्ध होतंच, असंही नाही.

हा वाद आमच्या घरातही आहे. माझी भाची बेळगावात कॉलेजला आहे, युकुलेले घेऊन स्वतःची गाणी गाते, अर्धी मराठी, अर्धी कानडी, आमच्या घरातल्या बोलण्यासारखीच. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात, कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या वर्धापनदिनाला तिला बोलावतात. परवा तिनं घरात विचारलं, की गाणं झाल्यावर शेजारी एका पुठ्ठ्यावर पैसे पाठवायचा क्यूआर कोड ठेवला तर काय होईल? माझा भाऊ उसळला. तो मला म्हणाला, "बघ की अक्का, तीन पिढ्या खडेबाजारात दुकान चालवलं आपण. उधारी मागायला जाताना अण्णांच्या पायात गोळे यायचे. आणि आता आपली पोरगी टोपी फिरवणार?" भाची शांतपणे म्हणाली, "आत्या, मागच्या वेळी मला काय मिळालं ते सांग की बाबांना."

मागच्या वेळी तिला शाल आणि नारळ मिळाला होता. मांडववाल्याला पैसे मिळाले, स्पीकरवाल्याला मिळाले, चहावाल्याला मिळाले, फुलवाल्यानं तर आगाऊ घेतले होते. जिच्या गाण्यासाठी हे सगळं उभं केलं तिला शाल. वर आयोजकांचं वाक्य, "तुझं नाव होईल, बाळ." माझ्या कपाटात अशा अकरा शाली आहेत. बेळगावची थंडी कितीही म्हटलं तरी अकरा शालींची नाही.

भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्याच्या रागात एक खरी गोष्ट आहे. मागणाऱ्याच्या अंगावर एक प्रकारची सत्ता येते, हे त्यानं दुकानाच्या गल्ल्यावरून पाहिलंय. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. मागणारा जितका ओळखीचा, जितका आवडता, तितकं जास्त अवघड. प्रेमापोटी लोक देतात हे जसं खरं, तसं भिडेपोटी देतात हेही खरं. गायिकेवर लोकांचा जीव असतो. त्या जिवावर ती किती उचल घेणार?

इथे मला आमच्याकडच्या मुनींची आठवण होते, कारण मागण्याचा विचार इतक्या बारकाईनं फार थोड्या ठिकाणी झालाय. मुनी आहाराला निघतात तेव्हा 'द्या' म्हणत नाहीत. दारात श्रावक-श्राविका उभ्या राहून पाचारण करतात. तसं झालं आणि मुनींनी मनात धरलेला नियम जुळला, तर ते ओंजळीत घेतात, नाहीतर उपाशी परततात. त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम केलेलं अन्न चालत नाही, घरच्यांसाठी केलेल्यातलं थोडं चालतं. (आता दारापुढे कापूस पडला तरी ऐकू यावा इतक्या सोवळ्यानं पहाटेपासून कशाची तयारी चाललेली असते, ते आम्ही बायका जाणतो, पण नियम नियम आहे.) 'दशवैकालिक' या आगमाच्या पहिल्याच अध्ययनात यासाठी भुंग्याचा दाखला दिलाय. भुंगा फुलाफुलावरून थोडा थोडा रस घेतो, स्वतःला तृप्त करतो, आणि फूल कोमेजत नाही. मागणाऱ्यासाठी याहून सोपी कसोटी मला माहीत नाही. तुम्ही घेतल्यावर फूल कोमेजलं का?

या कसोटीवर अमांडाचा एक प्रसंग घासून बघू. ती दौऱ्यावर असताना हॉटेलात न उतरता चाहत्यांच्या घरी उतरायची. मायामीत एकदा ती आणि तिचे साथीदार एका अठरा वर्षांच्या मुलीच्या घरी गेले. कुटुंब होंडुरासहून आलेलं, कागदपत्रांवाचून राहणारं, गरीब. पाहुण्यांना पलंग देऊन घरची माणसं त्या रात्री कोचांवर झोपली, मुलगी आईच्या कुशीत. अमांडा रात्री जागी राहून विचार करत होती, की हे बरोबर आहे का? सकाळी त्या आईनं तिला बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तुझ्या गाण्यांनी माझ्या मुलीला फार आधार दिला, तू आमच्याकडे राहिलीस याबद्दल आम्ही तुझे आभारी आहोत. तेव्हा अमांडाला वाटलं, हे बरोबर आहे.

मी यावर पुष्कळ थांबले. भुंग्याच्या हिशेबानं हे बरोबर नाही, फूल एक रात्र का होईना कोमेजलं. पण दुसरीकडे, बेड्यांत अडकलेल्या चंदनेनं आपल्या वाट्याचं साधं अन्न भगवान महावीरांना दिलं, आणि राजेरजवाड्यांच्या पक्वान्नांपेक्षा ते श्रेष्ठ ठरलं, हेही आम्ही लहानपणापासून ऐकलंय. ज्याच्याकडे काही नाही त्यानं देऊ नये, असं म्हणणं म्हणजे त्याला आणखी गरीब करणं. त्या आईला मोठेपणानं देता आलं, आणि त्या घराला ते कित्येक वर्षं पुरलं असेल.

मग दोन्ही खरं कसं? मला वाटतं, देणाऱ्याचा धर्म आणि मागणाऱ्याचा धर्म वेगळे आहेत, आणि आपण ते एकत्र कालवतो. देणाऱ्यानं सर्वस्व द्यावं, त्याला मर्यादा घालणारे आपण कोण! पण मागणाऱ्यानं त्या सर्वस्वावर डोळा ठेवू नये, ते गृहीत धरू नये, त्याच्या जोरावर पुढच्या दौऱ्याचा बेत आखू नये. आईचे आभार मानून पलंगावर झोपणं वेगळं, आणि गरीब चाहते पलंग देतातच म्हणून हॉटेलचा खर्च हिशेबातून काढून टाकणं वेगळं. पहिल्यात कृतज्ञता आहे, दुसऱ्यात धंदा आहे. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. अमांडा त्या रात्री जागी राहिली, ही तिच्या बाजूची मोठी गोष्ट. ज्या दिवशी मागणारा निवांत झोपायला लागतो त्या दिवसापासून त्याच्याबद्दल काळजी करावी.

आता तो ८४ सेंटचा आकडा. २०१२ मध्ये बारा लाख डॉलर जमवून अमांडा दौऱ्यावर निघाली, तेव्हा तिनं गावोगावच्या व्हायोलिन आणि तुतारी वाजवणाऱ्यांना साद घातली, की या, आमच्याबरोबर काही गाणी वाजवा. मोबदला काय, तर बिअर, गळाभेट आणि आमच्या कार्यक्रमाच्या वस्तू. मोठा गहजब झाला. वादक म्हणाले, पैसे जमलेत तर आम्हाला का नाही? तिची बाजू अशी, की येणारे स्वखुशीनं येतायत, कुणावर सक्ती नाही, मीही असंच पुष्कळदा गायलेय. सप्टेंबरमध्ये तिनं आपलं म्हणणं बदललं आणि त्या वादकांना पैसे दिले.

स्वखुशी होती, मग बिघडलं कुठे? मला वाटतं बिघडलं ते खोलीत नसलेल्या तिसऱ्या माणसाच्या बाजूनं. हौसेनं वाजवणाऱ्याला बिअर पुरते, कारण त्याचं घर दुसऱ्या पगारावर चालतं. ज्याचं घर व्हायोलिनवरच चालतं त्याला ती साद ऐकूनही येता येत नाही. ज्याची देण्याची ऐपत आहे त्यानं फुकट मागितलं, की तो गरजू माणूस निमूटपणे दाराबाहेर ढकलला जातो, आणि देणारा-घेणारा दोघंही खूष असल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही. श्रोत्याकडून मागणं हे त्याच्या शिलकीतून मागणं असतं. कारागिराकडून त्याची कारागिरी फुकट मागणं हे त्याच्या भांडवलातून मागणं असतं. आमच्या संस्थावाल्यांच्या शालीतही नेमकी हीच खोट आहे.

गंमत अशी, की अमांडाला हा नियम दोन वर्षांपूर्वीच सापडला होता. युकुलेलेच्या त्या अल्बमवर तिनं आधी दुसऱ्यांचं देणं किमतीत धरलं, आणि स्वतःसाठी जे मागायचं ते त्याच्या वर, मोकळं सोडलं. आधी दुसऱ्याचा वाटा, मग आपली ओंजळ. दौऱ्याच्या वेळी हा क्रम उलटा झाला आणि लोकांना तो टोचला. पैसा फार आला म्हणून लोक रागावले, असं त्या वेळी बरेच जण म्हणाले, पण ते अर्धंच खरं आहे. त्यातला बराच पैसा आगाऊ विकलेल्या सीड्या, पुस्तकं आणि कार्यक्रमांचा होता, आणि खर्चाचा तपशील तिनं आधीच जाहीर केला होता. मागण्यापेक्षा क्रम चुकणं लोकांना जास्त लागतं.

म्हणून भाचीला मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, बरोबर तबल्याला किंवा गिटारला जो पोरगा बसतो त्याचे पैसे ठरवून, आधी, न मागता दे. लोकांकडून काही मिळो न मिळो. दुसरी, पुठ्ठा ठेव, पण गाणं संपल्यावर कोण देतंय कोण नाही ते बघू नकोस. न देता उठून जाणाऱ्याला पुढच्या वेळी तितक्याच आनंदानं येता आलं पाहिजे. नाही म्हणायची वाट बंद केली की मागणं संपतं आणि वसुली सुरू होते, मग तू आणि वर्गणीवाली पोरं यांत फरक राहत नाही. तिसरी, किती पुरे ते आधी ठरव आणि कुठेतरी लिहून ठेव. आमच्यात परिग्रहाचं परिमाण करतात ना, तसं. आकडा कितीही ठेव, पण असू दे. नंतर ठरवायला बसलं की तो कधीच सापडत नाही.

भाऊ तेवढ्यानं वळला नाही. तो म्हणाला, "तुझं सगळं पटतंय अक्का, पण लोक काय म्हणतील?" लोक म्हणणारच. हार्वर्ड चौकातही म्हणायचे. यावर माझ्याकडे उत्तर नाही, एक जुनी ओळख मात्र आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून, चिपळ्या वाजवत वासुदेव यायचा. तोही गायचा, तोही मागायचा, आणि आमच्या आजीनं सुपातून ज्वारी घातली की दिलेल्याची पोच देऊन 'दान पावलं' म्हणायचा. त्याला कुणी नोकरी बघ म्हणून ओरडल्याचं मी ऐकलं नाही. तो गल्लीतल्या प्रत्येक दारात थोडं थोडं घ्यायचा, जिथे दार बंद असेल तिथे न थांबता पुढे जायचा, आणि त्याचं गाणं मात्र दार बंद असलेल्या घरांतही ऐकू जायचं. दिलेल्यांना आणि न दिलेल्यांना, सारखंच.

भाचीचा पुढचा कार्यक्रम येत्या रविवारी आहे. पुठ्ठा तिनं तयार केलाय. वर काय लिहायचं यावर घरात अजून एकमत नाही.